घाट चढून रिकाम्या हाताने परत

(जागतिक महिला दिनानिमित्त झालेल्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आयोजक मैत्रिणींनी मला 'स्त्रिया आणि व्यायाम' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटले, व्यायामाबद्दल डॉक्टर बोलतील आणि माझ्यापेक्षा चांगले बोलतील. मी घाटाबद्दल बोलते, सायकलवरून घाट चढण्याबद्दल. त्या जरा गप्प झाल्या. आपल्या मेळाव्यात हिंसा, पोटगी, रेशन, दारूबंदी, समान वेतन असे विषय असतात. त्यात हा घाट कुठून आला, असे त्यांना वाटले असणार. तुम्हालाही वाटत असेल. पण वेळ दिलाच आहे तर ऐका. हा विषय आपल्या चळवळीचा आहे की नाही, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी पुण्याची. वय ५९. एका कार्यालयात ३२ वर्षे कारकुनी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरात नवरा, सासूबाई, मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात. गेली अकरा वर्षे मी महिन्यातून दोन-तीनदा सायकलवरून सिंहगड चढते. मी खेळाडू नाही. कुठल्या स्पर्धेत कधी भाग घेतलेला नाही. विशीतली मुले माझ्या बाजूने भुर्रकन पुढे निघून जातात. मला घाटाला दीड तास लागतो. तरी चढते, कारण मला ते आवडते. या 'मला आवडते' दोन शब्दांवरच मी आज बोलणार आहे. कारण हे दोन शब्द उच्चारायला मला घरात जितका वेळ लागला, तितका घाट चढायला लागला नाही.

आपल्याकडे बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी असावे लागते. जाताना पिशवी, डबा, नाहीतर मुलाचा हात. येताना भाजी, दळण, औषधे. देवळात गेली तरी प्रसाद घेऊन येते. काहीतरी आणले म्हणजे बाहेर गेल्याचा हिशेब लागतो. मी पहिल्यांदा सांगितले की रविवारी पहाटे सिंहगडावर सायकलने जाऊन येणार आहे, तेव्हा नवऱ्याने विचारले, "कशासाठी?" त्यात रागबिग काही नव्हता. त्याला खरोखरच कळेना. "वर काय काम आहे?" मी म्हटले, काही नाही. चढायचे आणि उतरायचे. सासूबाई आतून म्हणाल्या, "जातेच आहेस तर येताना दही तरी घेऊन ये."

आपण इथे हसतो आहोत, पण हा प्रश्न साधा नाही. नवरा सकाळी टेकडीवर फिरायला जातो, संध्याकाळी कट्ट्यावर बसतो. त्याला 'कशासाठी' असे कोणी विचारत नाही. बसणे हेच कट्ट्यावर जाण्याचे काम. बाईचा वेळ मात्र आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो, आणि त्यातून तासभर काढायचा म्हणजे कारण द्यावे लागते.

पुढे एक गंमत झाली. माझ्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितला. त्या दिवसापासून घरचा सूर एकदम बदलला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग जा बाई." शेजारणीही म्हणू लागल्या, तब्येतीसाठी करते. म्हणजे मला आवडते हे कारण पुरेसे नव्हते. माझे शरीर घराच्या उपयोगासाठी टिकवायचे आहे, हे कारण पुरले. मशीनला तेल घालतात तसे. मी घरात सांगून टाकले की साखर उद्या नॉर्मल आली तरी मी जाणार. ती पुढे आली नॉर्मल, आणि मी जातच आहे.

आता घाटाकडे येते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना सायकल येत असेल. मी स्वतः १९७७ साली, अकरा वर्षांची असताना शिकले, भाड्याच्या सायकलवर. तेव्हाचे पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. नोकरीला लागले तशी लूना आली, मग स्कूटर आली आणि सायकल माळ्यावर गेली. बहुतेक बायकांचे असेच होते. सायकल ही मुलीची वस्तू. बाई झाली की ती सुटते. आणि सायकल चालवणाऱ्या मुलीलाही जायचे असते ते शाळेत, क्लासला, सपाट रस्त्यावरून. चढ आला की उतरून हातात धरायची, हे आपण न शिकवता शिकतो.

सिंहगडाचे सांगते. स्वारगेटहून निघाले की खडकवासल्याच्या धरणावरून डोणजे आणि पुढे गोळेवाडीपर्यंत तसा सरळ रस्ता आहे. खरा घाट तिथून सुरू होतो. वर गाड्या लावायच्या जागेपर्यंत तो सुमारे नऊ किलोमीटरचा आहे, आणि तेवढ्यात आपण सुमारे सहाशे मीटर उंची चढतो. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलो की साधारण सात मीटर वर. काही वळणांवर त्याहून बरेच जास्त. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

"आमच्याच्याने कसले होतेय," असे ज्या मनात म्हणाल्या, त्यांच्यासाठी थोडे गणित सांगते. आपल्या साध्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला ४४ ते ४८ दाते असतात, मागच्याला १८ ते २०. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरा, तर एका फेऱ्यात आपण पाच मीटर पुढे जातो. सपाट रस्त्यावर हे छान. पण सिंहगडाच्या चढावर पाच मीटर पुढे म्हणजे पस्तीस सेंटिमीटर वर. स्वतःचे आणि सायकलचे मिळून पाऊणशे किलो वजन दर फेऱ्याला दीड वीत उचलायचे. गुडघे बोलू लागणारच. गियरच्या सायकलीत पुढचे लहान चाक २८ दात्यांचे आणि मागचे मोठे चाकही २८ दात्यांचे घेता येते. मग पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. दोन मीटर पुढे, चौदा सेंटिमीटर वर. वीतभरसुद्धा नाही. वजन तेच, उंची तीच. फक्त घास लहान केला. लहान घास घेऊन खात राहिले की मोठे ताटही संपते. अशा चार हजारांहून जास्त फेऱ्यांत गड येतो. आपल्यातल्या ज्या बाईने आयुष्यभर रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटल्या आहेत, तिला चार हजार फेऱ्यांची भीती कुणी घालू नये.

दुसरी गोष्ट सीटची. बहुतेक बायका सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. मग चढावर मांडीला पूर्ण जोर लावता येत नाही आणि गुडघा दुखतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की पाय खालच्या टोकाला जवळजवळ सरळ व्हायला हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचे, एवढेच शिकायचे. तिसरी गोष्ट वेगाची. शेजारणीशी एक वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. बोलता येईनासे झाले तर हळू करायचे. घाटात लवकर दमणाऱ्या बायका ताकद कमी असते म्हणून दमत नाहीत. आपण मागे राहिलो, आपल्यामुळे कुणी खोळंबले, या धास्तीने त्या सुरुवातीलाच जोर लावतात. आपण कुणाला खोळंबवत नाही, हे मनाला पटायला मला दोन पावसाळे लागले.

आता त्या दीड तासात मनाचे काय होते ते सांगते, कारण लोक मला तेच विचारतात. 'शांत वाटते' म्हणजे नक्की काय वाटते?

पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये शांतबिंत काही वाटत नाही. डोक्यात घर चालू असते. सिलिंडर संपत आला. सासूबाईंची गोळी सकाळची की रात्रीची? नातीला ताप होता. सुनेला मी काल जे बोलले ते तिला लागले का? तुम्हाला माहीत आहे ही यादी, प्रत्येकीची वेगळी आणि प्रत्येकीची तीच. ही यादी आपण झोपेतही वाहतो. मग चढ वाढतो. श्वास जड होतो. आणि एका वळणावर लक्षात येते की यादी थांबली आहे. मी ती प्रयत्नपूर्वक थांबवलेली नसते. ध्यानाला बसले की माझी यादी उलट वाढते. इथे तसे होत नाही, कारण शरीर सगळे लक्ष मागून घेते. पुढचे चाक, रस्त्यातला खड्डा, श्वास आत, श्वास बाहेर, पुढचे वळण. दोन फेऱ्यांना एक श्वास. मन रिकामे झालेले नसते, ते एका कामाला लागलेले असते. आणि ते काम माझे एकटीचे असते.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. मेहनत मला नवी नाही, तुम्हालाही नाही. पण घरातल्या मेहनतीला दोन गोष्टी नसतात. एक म्हणजे शेवट. भांडी घासून झाली की पुन्हा खरकटी होतात, कपडे धुतले की मळतात. संध्याकाळी मागे वळून पाहिले तर दिवसभर केलेले काम दिसतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मालकी. ते काम दुसऱ्याच्या वेळेने, दुसऱ्याच्या चवीने, दुसऱ्याच्या भुकेने चालते. घाटाला शेवट आहे. वर पोचले की खाली वळून पाहिले तर चढलेली सगळी वळणे दिसतात. ती कोणी पुसू शकत नाही, उद्या पुन्हा खरकटी होत नाहीत. आणि वेग माझा. थांबायचे मी ठरवते. माझ्या मते समाधान इथून येते. वरचे दृश्य सुंदर आहे, खडकवासल्याचे पाणी दिसते, वाराही छान असतो. पण मोटारीने वर गेलेल्यालाही ते सगळे मिळते.

घाट वाटेत माणसेही भेटवतो. मोटारसायकलवरची मुले ओरडतात, "काकू, ढकलू का?" कोणी अगदी जवळून हॉर्न वाजवून जातो. कोणी "शाब्बास आजी" म्हणतो. शाब्बास म्हणणाऱ्याला मी हात करते. त्रास देणाऱ्याचा नंबर लक्षात ठेवते. एकटीने जायचे टाळते, दोघी-तिघी जातो. त्याचे कारण दमणूक नव्हे, हेच आहे. घाटाचा चढ बाईसाठी एक अंशानेही बदलत नाही. तो सगळ्यांना सारखा. बाईला जो जादा चढ लागतो तो माणसांनी घातलेला असतो, आणि तो घरापासून गोळेवाडीपर्यंत जास्त असतो.

बाईने असे घाम गाळणे लोकांना खुपते, हे आजचे नाही. १८९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बायका सायकल चालवू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी गंभीरपणे इशारा दिला होता की या श्रमाने आणि ताणाने बाईचा चेहरा कायमचा बिघडतो. या रोगाला त्यांनी नावही दिले होते, 'सायकल-चेहरा'. डोळे ताणलेले, जबडा आवळलेला. म्हणजे बाईने कष्ट करावेत, पण ते तोंडावर दिसता कामा नयेत. चुलीपुढे तोंड लाल झालेले चालते. स्वतःच्या मर्जीने लाल झालेले चालत नाही. त्याच काळात फ्रान्सेस विलार्ड ही अमेरिकेतल्या स्त्रियांच्या दारूबंदी चळवळीची मोठी पुढारी वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५ साली तिने त्यावर पुस्तक लिहिले. दारूबंदी आणि मताधिकार यांच्या धबडग्यातल्या बाईला ते लिहावेसे वाटले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आणखी एक नाव सांगते. १९२४ साली इटलीतल्या पुरुषांच्या देशव्यापी सायकल शर्यतीत आल्फोन्सिना स्त्रादा नावाची बाई उतरली. पावसा-वादळाच्या एका टप्प्यात तिच्या सायकलचे हँडल मोडले. तिने तिथे झाडूचा दांडा लावला आणि पुढे निघाली. वेळेच्या मर्यादेबाहेर पोचल्यामुळे तिचा क्रमांक धरला गेला नाही, पण तिने शर्यत सोडली नाही. नव्वद जणांनी सुरू केलेली ती शर्यत तीस जणांनीच पुरी केली, आणि ही बाईही मिलानपर्यंत पोचली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सायकल शर्यत १८९६पासून आहे. बायकांची पहिली रस्त्यावरची शर्यत १९८४ साली झाली. मधली ८८ वर्षे बायकांना चढ झेपणार नाही असे समजणाऱ्यांनी ती स्पर्धाच ठेवली नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे येते. चळवळीतली माझी एक जुनी मैत्रीण मला स्पष्टच म्हणाली, "ही तुमची मध्यमवर्गीय चैन आहे. ज्या बाईला रोज डोक्यावर हंडा घेऊन चढ चढावा लागतो, तिला जाऊन सांग घाटातली शांतता." तिचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. आणि तो टाळता येऊ नये अशी सोय सिंहगडावरच आहे.

तुम्ही गडावर गेला असाल तर दही विकणाऱ्या बायका पाहिल्या असतील. मातीच्या छोट्या मडक्यांतले दही, पिठले-भाकरी, कांदाभजी. या पायथ्याच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका. आतकरवाडीच्या पायवाटेने, डोक्यावर ओझे घेऊन गड चढणे हा कितीतरी जणींचा वर्षानुवर्षांचा रिवाज. मी सायकलवरून घामाघूम होऊन वर पोचते, तेव्हा त्या आधीच चूल पेटवून बसलेल्या असतात. एकीशी माझी चांगली ओळख झाली आहे. तिला मी मैत्रिणीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ती म्हणाली, "खरंच हाय की. तुमी हौसंनं चढता, आमी पोटासाठी. तुमाला शाबास म्हंत्यात, आमाला दह्याचा भाव कमी करा म्हंत्यात."

मी विचारले, "तुम्ही कधी ओझ्याशिवाय चढलात का?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "एकदा. लेकीच्या लग्नानंतर चार दिवस धंदा बंद ठिवला हुता. तवा अशीच आले वर, मोकळ्या डोक्यानं. त्या दिशी मला कळलं, वाटंवर करवंदीच्या जाळ्या किती हायेत. मान वर करून कदी बघितलंच नव्हतं."

मैत्रिणींनो, माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला या बाईने दिले. वाट तीच, पाय तेच, घाम तोच. फरक ओझ्याचा आहे आणि मर्जीचा आहे. म्हणून 'कष्टात आनंद असतो' असे कोणी सांगू लागले तर मी विरोध करीन. असे सांगूनच बायकांकडून आजवर फुकट कष्ट करून घेतले गेले. आनंद कष्टात नसतो. ते आपण निवडण्यात, हवे तेव्हा थांबता येण्यात आणि नंतर पोटभर खाऊन विसावता येण्यात असतो. या गोष्टी मला मिळाल्या, तिला मिळाल्या नाहीत. त्यावरचा उपाय मी घाट चढणे सोडावे हा नाही. तिच्या डोक्यावरचे ओझे कमी व्हावे, दह्याला नीट दाम मिळावा आणि तिलाही मोकळ्या डोक्याने चढायचा दिवस वर्षातून एकदा नाही, आठवड्यातून एकदा मिळावा, हा आहे. विश्रांती आणि फुरसत हा माणसाचा हक्क आहे असे १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४मध्ये लिहिलेले आहे. आपण मजुरीच्या हक्कासाठी लढलो, तितक्या जोराने या कलमासाठी अजून लढलेलो नाही.

आणि मर्जीने चढ चढणे ही गोष्ट परदेशातून आलेली नाही. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या लावतात, इतका तो चढ आहे. आणि त्याच घाटात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या बायका अभंग म्हणत बैलांच्या पुढे-मागे चढत असतात. त्यांना विचारा, दमला नाहीत का? त्या हसतात. श्रद्धेचा भाग आहेच. पण घर, चूल, गोठा सोडून वीस दिवस बाहेर राहण्याची परवानगी वारीशिवाय त्यांना कोण देते? डोक्यावर ओझे त्याही घेतात, पण ते त्यांनी स्वतः उचललेले असते.

आता तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टैचे उदाहरण सांगते, कारण ते एकट्या-दुकट्या बाईचे नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवायची, असे ठरले. शेतमजूर, खाणीतल्या मजूर, अंगणवाडीच्या बायका, शिक्षिका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिले आहे. एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या असे त्यांच्या लिखाणात येते. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि आडव्या दांडीवर मूल बसवता येते म्हणून काहींनी त्याच पसंत केल्या. लोकांनी टोमणे मारले. पण या बायकांचे काम सोपे झाले, बसची वाट पाहण्यातला वेळ वाचला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या कुणाच्या सोबतीशिवाय हिंडू लागल्या. हे सगळे एका मोहिमेने, म्हणजे संघटनेने झाले. एकेकट्या बाईला घरातल्या 'कशासाठी'ला उत्तर देणे जड जाते. पन्नास जणी निघाल्या की प्रश्न विचारणाऱ्यालाच जरा विचार करावा लागतो.

म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, वेळ. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास. माझा घाट दीड तासाचा आहे. तो या पाच तासांतूनच यावा लागतो, आकाशातून पडत नाही. रविवारी पहाटे माझ्या घरी चहा आणि सासूबाईंचा नाश्ता आता नवरा करतो. पोहे बरे करतो. हे पाच महिने रोज बोलून झाले, एका दिवसात नाही.

दुसरी, रक्त. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असेल तर चढावर धाप लागते, आणि बाई समजते की आपलीच ताकद नाही. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या गटांनी सायकल शिकवण्याआधी ही तपासणी ठेवावी. आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायची सवय असेल, तर घाटाच्या आदल्या रात्री तरी आधी जेवा.

तिसरी, रस्ता. पहाटे दिवे लागलेला रस्ता, सायकलला कडेला जागा आणि बाईला जाता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह. पुण्याहून सिंहगडापर्यंतच्या वाटेवर मी आणि माझ्या सोबतिणी कुठे थांबता येते याचा नकाशा डोक्यात ठेवून निघतो. पुरुषांना असा नकाशा लागत नाही. ही मागणी आपल्या वॉर्डात, ग्रामसभेत लेखी द्या.

चौथी, सोबत. एकीने सुरू करू नका, तिघींनी करा. गड, डोंगर नसेल तर गावाबाहेरचा पूल चालेल, पाण्याच्या टाकीची टेकडी चालेल. वयाचा प्रश्न नाही. गुडघे फारच दुखत असतील, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि मध्येच उतरून सायकल हातात धरावी लागली तर धरा. चालत चढलेला चढही चढलेलाच असतो.

सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. दही आणायला त्या अजूनही सांगतात. कधी मी त्या ओळखीच्या बाईकडून आणते, तिने सांगितलेल्या भावाला. पण पुष्कळदा आणत नाही. मुद्दाम रिकाम्या हाताने घरात शिरते. आता कोणी काही विचारत नाही.

मंडपाच्या मागे मैदानावर तीन सायकली आणून ठेवल्या आहेत, दोन लेडीज आणि एक दांडीची. पाना माझ्याकडे आहे, सीट प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे लावून देते. ज्यांना अजिबात येत नाही त्यांनी आधी यावे. जेवणाला अजून पाऊण तास आहे.